सिझेरियनचं प्रमाण कमी करायचं असेल तर आधी दहा गट करा

वर्षाअखेरच्या बैठकीत कुणीतरी सांगतं, ‘यंदा आपलं सिझेरियनचं प्रमाण ३८ टक्के.’ कुणी म्हणतं फार झालं, कुणी म्हणतं आपल्याकडे केसेसच अवघड येतात, आणि दोघांचंही म्हणणं तपासायची सोय त्या आकड्यात नसते. अवघड केसेस पाठवल्या जातात त्या मोठ्या रुग्णालयात ३८ टक्के रास्त असू शकतात. तेच ३८ टक्के धडधाकट पहिलटकरणींच्या प्रसूतिगृहात असतील तर काहीतरी बिघडलंय.

जागतिक आरोग्य संघटनेलाही हे उमगायला वेळ लागला. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझा इथल्या बैठकीतून ‘कुठल्याही प्रदेशात १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त सिझेरियनचं समर्थन होऊ शकत नाही’ असं वाक्य बाहेर पडलं आणि पुढची तीस वर्षं ते रुग्णालयांच्या डोक्यावर बसलं. मुळात ते लोकसंख्येविषयी होतं, एखाद्या इमारतीविषयी नव्हतं. २०१५ च्या निवेदनात संघटनेने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. लोकसंख्येच्या पातळीवर प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता आणि नवजात मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. आणि रुग्णालयांनी ठरावीक टक्केवारीच्या मागे लागण्याऐवजी, ज्या स्त्रीला गरज आहे तिला सिझेरियन मिळेल हे पाहावं. रुग्णालयांची तुलना करण्यासाठी त्याच निवेदनात रॉबसन वर्गीकरण, म्हणजे सगळ्या बाळंतिणींची दहा गटांत विभागणी, सुचवलं आहे. डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलशी संबंधित प्रसूतितज्ज्ञ मायकेल रॉबसन यांनी ते २००१ मध्ये मांडलं. संघटनेने २०१७ मध्ये त्याची पुस्तिकाही काढली.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो: वर्गीकरणाने एकही सिझेरियन कमी होत नाही. ते फक्त दाखवतं की निर्णय नेमका कुठे झाला. आणि बहुतेक वेळा तो थिएटरात झालेला नसतो. कळा सुरू व्हायच्या आधी बाईला दाखल करून घेतलं, कारण नसताना इंडक्शन लावलं (म्हणजे कळा कृत्रिमरीत्या सुरू केल्या), तारीख ठरवून टाकली, तिथे तो होऊन गेलेला असतो. त्यामुळे खालची सगळी मेहनत ‘ऑपरेशन का केलं?’ यापेक्षा ‘बाई या गटात आलीच कशी?’ हे विचारण्यासाठी आहे.

पायरी १ : सहा प्रश्न

प्रसूतीसाठी दाखल झालेल्या प्रत्येक बाईबद्दल सहाच गोष्टी लागतात. पूर्वी बाळंतपण झालंय का. पूर्वी सिझेरियन झालंय का, आणि किती वेळा. पोटात बाळं किती. बाळ डोक्याकडून आहे, पायाळू आहे, की आडवं. ३७ आठवडे पूर्ण झालेत का. आणि कळा आपोआप सुरू झाल्या, सुरू केल्या, की कळांच्या आधीच सिझेरियन झालं.

या यादीत सिझेरियनचं कारण नाही, आणि ते मुद्दाम नाही. ‘फीटल डिस्ट्रेस’ (पोटात बाळाचा जीव गुदमरणं) किंवा ‘प्रगती नाही’ हे शब्द दोन डॉक्टर दोन अर्थांनी लिहितात. बाळं एक की दोन यावर मात्र वाद होत नाही. शिवाय ही माहिती प्रत्येक बाळंतिणीची असते, फक्त सिझेरियन झालेल्यांची नाही. कारणांच्या यादीवरून सिझेरियन मोजली तर ज्या बायका नीट सुटल्या त्या हिशोबातच येत नाहीत.

पायरी २ : दहा गट

गट १ : पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण, कळा आपोआप सुरू.
गट २ : वरीलप्रमाणेच, पण इंडक्शन केलेलं (२अ) किंवा कळांआधी सिझेरियन (२ब).
गट ३ : पूर्वी बाळंतपण झालेली, गर्भाशयावर सिझेरियनचा व्रण नाही, एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण, कळा आपोआप.
गट ४ : गट ३ सारखीच, पण इंडक्शन (४अ) किंवा कळांआधी सिझेरियन (४ब).
गट ५ : पूर्वी सिझेरियन झालेली, एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण. एकदा झालेलं असेल तर ५.१, दोन किंवा अधिक वेळा असेल तर ५.२.
गट ६ : पहिलटकरीण, एकच बाळ, पायाळू.
गट ७ : पूर्वी बाळंत झालेली, एकच बाळ, पायाळू. पूर्वीचं सिझेरियन असलं तरी इथेच.
गट ८ : जुळी, तिळी. बाकी काहीही असो.
गट ९ : एकच बाळ, आडवं किंवा तिरकं.
गट १० : एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवड्यांच्या आत. पूर्वीच्या सिझेरियनसह.

पाठ करण्याची गरज नाही. प्रश्न ठरावीक क्रमाने विचारले की बाई आपोआप आपल्या गटात जाते. एकापेक्षा जास्त बाळं आहेत? गट ८, पुढे विचारूच नका. बाळ आडवं आहे? गट ९. पायाळू आहे? पहिलटकरीण असेल तर ६, नसेल तर ७. आता उरल्या एकच बाळ आणि डोकं खाली असलेल्या. त्यांत ३७ आठवडे झाले नसतील तर गट १०. झाले असतील आणि पूर्वी सिझेरियन असेल तर गट ५. उरलेल्या सगळ्या १ ते ४ मध्ये, पूर्वीचं बाळंतपण आणि कळांची सुरुवात पाहून.

एक बाई एकाच गटात जाते आणि कुणीही बाहेर उरत नाही. उरलीच, तर कागदावर काहीतरी लिहायचं राहिलंय. अशांना ‘माहिती अपुरी’ असा वेगळा रकाना द्या. त्यांना अंदाजाने कुठेतरी ढकलू नका.

पायरी ३ : जिथे हमखास गोंधळ होतो

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण पुढचा सगळा अर्थ यावर अवलंबून आहे.

सर्वांत जास्त घोळ कळांच्या सुरुवातीचा. बाई आपोआप कळा येऊन आली, मध्येच कळा मंदावल्या, पाणमोट फोडली, ऑक्सिटोसिनचं (कळा वाढवणाऱ्या औषधाचं) ड्रिप लावलं. ही गट १ किंवा ३ मधलीच. ड्रिप लावलं म्हणून ती इंडक्शनमध्ये जात नाही, चालू कळांना जोर देणं वेगळं. उलट पाणी गेलंय पण कळा नाहीत आणि ड्रिप सुरू केलं, तर ते इंडक्शन: २अ किंवा ४अ. या दोन नोंदींची अदलाबदल झाली की गट २ उगाच फुगतो आणि गट १ खोटा निर्मळ दिसतो.

सिझेरियनची तारीख गुरुवारची ठरली होती, बाई बुधवारी रात्री कळा घेऊन आली आणि रात्रीच ऑपरेशन झालं. पहिलटकरीण असेल तर ती गट १ मध्ये जाईल, २ब मध्ये नाही. बेत काय होता हे विचारायचं नाही, घडलं काय ते लिहायचं. इंडक्शन करून शेवटी सिझेरियन झालं तर गट २अ. शेवट कसा झाला यावरून गट बदलत नाही.

‘पहिलटकरीण’ इथे म्हणजे जिचं २२ आठवड्यांनंतरचं किंवा किमान ५०० ग्रॅम वजनाच्या बाळाचं बाळंतपण याआधी झालेलं नाही ती. दोन गर्भपात झालेली बाई गटांच्या हिशोबात पहिलटकरीणच. तिसाव्या आठवड्यात मृत बाळ जन्मलेली बाई मात्र नाही. केस पेपरवर कितवं गरोदरपण आहे ते लिहिलेलं असतं आणि घाईत तोच आकडा उचलला जातो.

व्रण म्हणजे फक्त सिझेरियनचा. फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) काढल्याचा व्रण इथे धरत नाहीत. अशा पहिलटकरणीचं कळांआधी सिझेरियन केलं तर ती २ब मध्ये जाते. वैद्यकीयदृष्ट्या निर्णय योग्य असेल, पण गट तोच.

पायाळू बाळ बाहेरून फिरवून डोकं खाली आणलं, तर बाई डोकं खाली असलेल्यांत. मोजायची स्थिती ती, जी कळांचं निदान होण्याआधी किंवा प्रसूतीचा निर्णय घेण्याआधी शेवटची होती. जुळ्यांपैकी एक बाळ २४ व्या आठवड्यात पोटातच दगावलं असेल तरी गट ८. पायाळू आणि अपुऱ्या दिवसांची असेल तर ६ किंवा ७, गट १० नाही.

आणि टक्केवारी काढताना ज्या संख्येने भागायचं तिच्यात बायका मोजायच्या, बाळं नाहीत. जुळ्यांची आई एकदाच मोजली जाते. मृत जन्म असलेल्या बायकाही धरायच्या.

पायरी ४ : नोंद कुणी, कधी, कुठे करायची

डिलिव्हरी रजिस्टरात सहा रकाने वाढवा. लिहिणाऱ्याकडून गटाचा क्रमांक मागू नका, सहा उत्तरं मागा. गट नंतर दुसऱ्या कुणीतरी किंवा स्प्रेडशीटने काढावा. रात्री तीन वाजता प्रसूती करून आलेल्या सिस्टरला ‘हा गट चार की पाच?’ असं विचारलं तर ती एक आकडा लिहून मोकळी होईल, आणि तो चुकला की शोधायला मागे काहीच उरणार नाही.

कळांच्या सुरुवातीचा रकाना दाखल करतानाच भरावा. सिझेरियन झाल्यावर मागे वळून पाहिलं की सगळ्यांनाच आठवायला लागतं की ‘कळा तशा नव्हत्याच’. कुणी खोटं बोलत नसतं, शेवट माहीत झाल्यावर सुरुवात बदलून आठवते इतकंच.

महिन्याच्या शेवटी एकाने सिझेरियनची संख्या थिएटरच्या रजिस्टरशी आणि एकूण प्रसूती लेबर रूमच्या रजिस्टरशी ताडून पाहावी. दोन्ही जुळल्याशिवाय तक्ता करू नका.

पायरी ५ : तक्ता

प्रत्येक गटासाठी दोन संख्या मोजायच्या: बायका किती आणि त्यांतली सिझेरियन किती. त्यांतून चार टक्केवाऱ्या निघतात. गटाचा आकार म्हणजे गटातल्या बायका भागिले एकूण बायका. गटातलं प्रमाण म्हणजे गटातली सिझेरियन भागिले गटातल्या बायका. एकूण प्रमाणातला वाटा म्हणजे गटातली सिझेरियन भागिले एकूण बायका. आणि सिझेरियनमधला वाटा म्हणजे गटातली सिझेरियन भागिले एकूण सिझेरियन.

खालचा तक्ता समजावण्यासाठी रचलेला आहे, कुठल्याही रुग्णालयाचा नाही. १००० प्रसूती, ३७७ सिझेरियन.

| गट | बायका | सिझेरियन | गटाचा आकार (टक्के) | गटातलं प्रमाण (टक्के) | एकूण प्रमाणातला वाटा | सिझेरियनमधला वाटा (टक्के) |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | २४० | ४८ | २४.० | २०.० | ४.८ | १२.७ |
| २ | १६० | ८८ | १६.० | ५५.० | ८.८ | २३.३ |
| ३ | २३० | ७ | २३.० | ३.० | ०.७ | १.९ |
| ४ | ७० | १४ | ७.० | २०.० | १.४ | ३.७ |
| ५ | १५० | १३२ | १५.० | ८८.० | १३.२ | ३५.० |
| ६ | २४ | २३ | २.४ | ९५.८ | २.३ | ६.१ |
| ७ | १२ | १० | १.२ | ८३.३ | १.० | २.७ |
| ८ | १९ | १४ | १.९ | ७३.७ | १.४ | ३.७ |
| ९ | ५ | ५ | ०.५ | १०० | ०.५ | १.३ |
| १० | ९० | ३६ | ९.० | ४०.० | ३.६ | ९.५ |

गट २ फोडला तर २अ मध्ये १२० बायका आणि ४८ सिझेरियन, २ब मध्ये ४० बायका आणि अर्थातच ४० सिझेरियन.

पायरी ६ : तक्ता वाचताना क्रम मोडू नका

आधी पाहायचं, आकड्यांवर विश्वास ठेवावा का. गट ९ एक टक्क्याच्या आत असायला हवा आणि त्यात सिझेरियन १०० टक्के. गट ९ मोठा दिसला तर पायाळू बाळं आडव्यात लिहिली गेली असण्याची शक्यता दाट. प्रमाण १०० च्या खाली आलं तर कुणीतरी फिरवलेलं बाळ आडव्यातच ठेवलंय. पायाळूंमध्ये पहिलटकरणी साधारण दुप्पट असतात, म्हणजे गट ६ आणि ७ यांचं गुणोत्तर २:१ च्या आसपास.

मग पाहायचं, आपल्याकडे कोण येतं. गट १ आणि २ मिळून साधारण ३५ ते ४२ टक्के, ३ आणि ४ मिळून ३० टक्क्यांच्या आसपास, ६ आणि ७ मिळून ३ ते ४, गट ८ दीड ते दोन टक्के. सामान्य जोखमीच्या ठिकाणी गट १० पाच टक्क्यांच्या आत असतो. आपल्या तक्त्यात तो ९ आहे. एक तर इथे अपुऱ्या दिवसांच्या बायका पाठवल्या जातात, किंवा तारखा नीट काढलेल्या नाहीत. अंदाज करू नका, वीस-पंचवीस केस पेपर काढून पाहा.

गट ५ वर मात्र आधीच्या वर्षांची छाया असते. तो १५ टक्के आहे कारण काही वर्षांपूर्वी कुठेतरी, कदाचित याच लेबर रूममध्ये, गट १ आणि २ मधल्या बायकांची सिझेरियन झाली.

या टप्प्यावरचा माझ्या मते सर्वांत बोलका आकडा म्हणजे गट १ आणि गट २ यांचं गुणोत्तर. ते साधारण २:१ किंवा त्याहून जास्त असावं. तक्त्यात ते २४० ला १६०, म्हणजे १.५:१ आहे. पाच पहिलटकरणींपैकी दोघींना आपोआप कळा येण्याची वाट पाहिली गेली नाही. सिझेरियनची टक्केवारी वाचायच्या आधीच हे दिसतं.

शेवटी प्रमाण. चांगल्या ठिकाणी गट १ मध्ये १० टक्क्यांच्या आत राहणं जमतं, गट २ मध्ये २० ते ३५, गट ३ मध्ये ३ च्या वर सहसा नाही, गट ४ मध्ये क्वचितच १५ च्या वर. गट ५ मध्ये ५० ते ६० टक्के योग्य मानतात, बाळ-बाळंतिणीचे निकाल चांगले असतील तर. गट ८ साधारण ६०, गट १० साधारण ३०. गट ३ मध्ये सिझेरियन बरीच दिसली, तर पूर्वी सिझेरियन झालेल्या बायका चुकून तिथे आल्या नाहीत ना ते तपासा.

गट १, २ आणि ५ मिळून बहुतेक ठिकाणी दोन तृतीयांश सिझेरियन होतात. तक्त्यात ती २६८, म्हणजे ७१ टक्के. काम करायचं ते इथे. गट ६ मध्ये ९६ टक्के सिझेरियन पाहून बैठक तिथेच अडकते, पण तिथल्या २३ केसेस निम्म्यावर आणल्या तरी एकूण प्रमाण सव्वा टक्क्यानेही हलत नाही.

पायरी ७ : गट २

सुरुवात २ब पासून करा, कारण तिथे लपायला जागा नाही. पहिलटकरीण, एक बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले, तरी कळांची वाट न पाहता सिझेरियन. चाळीस केस पेपर टेबलावर घ्या आणि प्रत्येकाचं कारण मोठ्याने वाचा. वार खाली असणं, आईचा एखादा गंभीर आजार, आधीची गर्भाशयाची मोठी शस्त्रक्रिया, ही कारणं बाजूला काढा. उरतात ‘बाळ मोठं वाटतंय’, ‘सोनोग्राफीत नाळ गळ्याभोवती’, ‘पाणी कमी’, ‘नातेवाइकांची इच्छा’. गळ्याभोवती नाळ असणं हे स्वतःहून सिझेरियनचं कारण नाही. मोठ्या बाळाबद्दल अमेरिकन प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका अशी की मधुमेह नसलेल्या आईत अंदाजे वजन ५००० ग्रॅम आणि मधुमेह असेल तर ४५०० ग्रॅम असेल तेव्हा ठरवून सिझेरियनचा विचार करावा. सोनोग्राफीचा वजनाचा अंदाज मुळातच ढोबळ असतो, हे इथे लक्षात ठेवायचं. बाईची स्वतःची इच्छा असेल तर तिच्याशी निवांत बोला, भीती कशाची आहे ते विचारा. पुष्कळदा ती कळांची नसते, एकटं पडण्याची असते.

मग २अ. इंडक्शनचा स्वतंत्र कागद करा: कारण, तारीख पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून काढलीय का, बिशप स्कोअर (पिशवीचं तोंड प्रसूतीसाठी किती तयार आहे याचे गुण) किती, बाईला काय समजावलं. कारणाचा रकाना रिकामा असेल तर इंडक्शन सुरू होणार नाही, एवढा एकच नियम ठेवला तरी फरक पडतो. पिशवीचं तोंड कच्चं असेल तर आधी ते मऊ करायचं, आणि ‘इंडक्शन फेल’ हा शिक्का मारायला घाई करायची नाही. अमेरिकेतल्या दोन व्यावसायिक संघटनांनी २०१४ मध्ये सांगितलं की आई आणि बाळ ठीक असतील तर सुप्त टप्पा (कळांचा सुरुवातीचा संथ टप्पा) २४ तास किंवा त्याहून जास्त चालू द्यावा, आणि पाणमोट फोडल्यावर किमान १२ ते १८ तास ऑक्सिटोसिन दिल्याशिवाय इंडक्शन अयशस्वी म्हणू नये. अशा सिझेरियनच्या नोंदी काढून तास मोजा. हा हिशोब बहुतेक ठिकाणी डोळे उघडणारा ठरतो.

इथे एक सावधगिरी. गट २अ चं प्रमाण गट १ पेक्षा जास्त आहे म्हणून ‘इंडक्शनमुळे सिझेरियन होतं’ असा निष्कर्ष काढू नका. इंडक्शन न केलेली बाई त्या क्षणी कळांत नसते, ती वाट पाहत असते. त्यामुळे तुलना वाट पाहणाऱ्यांशी करायला हवी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘अराइव्ह’ चाचणीत सहा हजारांहून अधिक कमी जोखमीच्या पहिलटकरणी होत्या. ३९ व्या आठवड्यात इंडक्शन केलेल्या गटात सिझेरियन १८.६ टक्के झाली, वाट पाहिलेल्या गटात २२.२ टक्के. तेव्हा आक्षेप इंडक्शनवर नाही. कारणाशिवाय, चुकीच्या तारखेवर, धीर न धरता केलेल्या इंडक्शनवर आहे.

पायरी ८ : गट १

गट १ मधली सिझेरियन दोन ढिगांत वाटा: बाळाच्या ठोक्यांसाठी झालेली आणि प्रगती नाही म्हणून झालेली. पहिला ढीग पुन्हा फोडा, ठोके ड्रिपशिवाय बिघडले की ड्रिप चालू असताना. ड्रिप चालू असताना जास्त असतील तर कळा किती दर दहा मिनिटांना होत्या ते पाहा. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा आणि ड्रिप तसाच चालू, अशा नोंदी सापडल्या तर प्रश्न बाळाचा नव्हता.

प्रगती न होण्याच्या ढिगात पहिला प्रश्न: दाखल करताना पिशवीचं तोंड किती उघडलं होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींप्रमाणे सक्रिय टप्पा (पिशवीचं तोंड वेगाने उघडू लागतं तो) ५ सेंटिमीटरपासून धरतात, आणि ताशी १ सेंटिमीटरच्या वेगाने उघडत नाही एवढ्यावरून हस्तक्षेप करायचा नाही. २०२० मध्ये आलेल्या तिच्याच ‘लेबर केअर गाइड’मध्ये जुन्या पार्टोग्राफच्या (प्रसूतीची प्रगती दाखवणाऱ्या आलेखाच्या) सतर्कता रेषा नाहीत. अमेरिकन संघटना सक्रिय टप्पा ६ सेंटिमीटरपासून मोजतात. प्रगती थांबली म्हणायला ६ सेंटिमीटर झालेले, पाणमोट फुटलेली, आणि त्यानंतर पुरेशा कळांचे ४ तास किंवा कळा पुरेशा नसतील तर ऑक्सिटोसिन देऊन ६ तास, एवढं तरी व्हायला हवं. कुठलीही एक व्याख्या घ्या, पण सगळ्या युनिटने एकच घ्या आणि भिंतीवर लावा. ३ सेंटिमीटरवर ‘प्रगती नाही’ म्हणून झालेली सिझेरियन वेगळी मोजा, कारण त्या बायका सक्रिय टप्प्यात पोचल्याच नव्हत्या.

कळा नीट सुरू नसतील आणि आई-बाळ ठीक असतील तर दाखल न करता फिरायला, खायला-प्यायला मोकळीक द्या आणि परत कधी यायचं ते स्पष्ट सांगा. कमी जोखमीच्या बाईला सतत सीटीजी (बाळाचे ठोके आणि कळा नोंदवणारं यंत्र) लावल्याने सिझेरियन वाढतात. नवजात बाळांतले झटके कमी होतात, पण मृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी कमी झाल्याचं दिसलेलं नाही. अशा बाईचे ठोके सक्रिय टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि कळ देण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी ऐकण्याची शिफारस आहे, आणि त्यासाठी माणूस लागतो. सिस्टर एक आणि कळांतल्या बायका सहा असतील तर सीटीजीवर भिस्त येणारच, म्हणून हा मनुष्यबळाचा प्रश्न तक्त्यासह व्यवस्थापनापुढे ठेवा.

आणि बाईच्या पसंतीचं एक माणूस पूर्ण वेळ सोबत असू द्या. सोबतीने आपोआप होणाऱ्या प्रसूती वाढतात आणि सिझेरियन कमी होतात, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात दिसलं आहे. या यादीतला हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि ‘लेबर रूममध्ये गर्दी होते’ म्हणून सर्वांत आधी नाकारला जाणाराही.

पायरी ९ : गट ५ आणि बाकीचे

गट ५ मध्ये काम प्रसूतीच्या दिवशी सुरू होत नाही. गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत मागच्या ऑपरेशनचा कागद मागवा: छेद कुठे, कारण काय, ताप आला होता का. खालच्या भागातला एकच आडवा व्रण, पूर्वी गर्भाशय फाटलेलं नाही, वार खाली नाही, अशा बहुतेक बायकांना नॉर्मलचा प्रयत्न देता येतो. प्रयत्न केलेल्यांपैकी ६० ते ८० टक्के यशस्वी होतात, आणि पूर्वी एकदा तरी नॉर्मल झालेली असेल तर शक्यता आणखी चांगली. व्रण उसवण्याचा धोका साधारण २०० मध्ये १. हा आकडा बाईला स्वच्छ सांगा, आणि पुन:पुन्हा सिझेरियन केल्याने पुढच्या खेपांत वार रुतून बसण्याचा धोका वाढतो हेही सांगा. प्रयत्न फक्त तिथेच करायचा जिथे तातडीचं सिझेरियन, रक्त आणि भूलतज्ज्ञ हाताशी आहेत. ठोक्यांवर सतत लक्ष हवं. दिवस भरलेल्या व्रणवाल्या बाईत इंडक्शनसाठी मिसोप्रोस्टॉल वापरायचं नाही. ५.१ आणि ५.२ वेगळे मोजा. ५.२ चं ओझं ५.१ वर टाकलं तर प्रयत्न किती झाले हे कधीच कळणार नाही.

गट ६ साठी ३६ व्या आठवड्यापासून बाळ बाहेरून फिरवण्याचा प्रयत्न. सगळ्या पायाळूंत मिळून तो निम्म्याच्या आसपास जमतो, पहिलटकरणींत त्याहून कमी. गट ८ मध्ये २०१३ च्या ‘ट्विन बर्थ स्टडी’ने दाखवलं की पहिलं बाळ डोक्याकडून असेल तर ठरवून सिझेरियन केल्याने बाळांचा फायदा होत नाही. पण दुसऱ्या बाळाला हाताळणारा सरावाचा माणूस लागतो. गट ९ सोडून द्या. गट १० मध्ये सिझेरियन कमी करण्याच्या मागे लागू नका. ३७ आठवड्यांच्या आत कळा नसताना प्रसूती का केली, एवढं विचारा.

पायरी १० : बैठक, दुसरं मत आणि दुसरी बाजू

दर आठवड्याला अर्धा तास, फक्त गट १ आणि २ मधली सिझेरियन. डॉक्टरचं नाव झाकून. नावानिशी तक्ते भिंतीवर लावले की लोक बायकांचे नाही, नोंदींचे गट बदलायला लागतात. ज्याचे आकडे त्यालाच खासगीत दाखवा.

सिझेरियनआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा नियमही उपयोगी आहे, पण अपेक्षा माफक ठेवा. लॅटिन अमेरिकेतल्या रुग्णालयांत सक्तीच्या दुसऱ्या मताची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ मध्ये आले: सिझेरियन सुमारे ७ टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे शंभर होत असतील तर त्र्याण्णव. २०१५ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमधल्या ३२ रुग्णालयांच्या अभ्यासात तपासणी, प्रशिक्षण आणि आकडे परत दाखवणं यांनी घट झाली ती लहानच, आणि मुख्यतः कमी जोखमीच्या बायकांत. मोठी झेप कुठल्याच एका उपायाने मिळत नाही.

तक्त्याला आणखी रकाने जोडा, आणि हे ऐच्छिक समजू नका: प्रसूतीदरम्यान दगावलेली बाळं, पाच मिनिटांचा अपगार (जन्मल्यावर बाळाच्या स्थितीला दिलेले दहापैकी गुण) ७ च्या खाली, मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याच्या केसेस, नवजात अतिदक्षता, आईला द्यावं लागलेलं रक्त, काढावं लागलेलं गर्भाशय, गुदद्वारापर्यंत गेलेल्या फाटण्याच्या जखमा. गट १ चं प्रमाण २० वरून १२ वर आलं आणि अपगार बिघडले, तर ती सुधारणा नव्हे. उलट काही गटांत प्रमाण वाढणं योग्य ठरेल. जिथे सिझेरियन वेळेत मिळत नाही तिथे हाच तक्ता कमतरता दाखवतो.

आता आपल्या तक्त्यावर हिशोब करून पाहू. चाळीस बायकांना थांबू दिलं, त्या आपोआप कळा येऊन गट १ मध्ये आल्या. गट १ झाला २८० आणि त्यातलं प्रमाण १५ टक्के, म्हणजे ४२ सिझेरियन. गट २ उरला १२०, प्रमाण ४० टक्के, म्हणजे ४८. आधी दोन्ही मिळून १३६ होती, आता ९०. एकूण प्रमाण ३७.७ वरून ३३.१ वर येतं, तेही गट ५ ला हात न लावता. या ४६ बायका पुढच्या खेपेला येतील तेव्हा गट ५ मध्ये नसतील, म्हणून त्या गटाचा आकार बदललेला दिसायला काही वर्षं जावी लागतात. पुढच्या तिमाहीच्या तक्त्यात तो शोधू नका.

महिन्याला चाळीस-पन्नास प्रसूती होणाऱ्या युनिटमध्ये मासिक टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. गट ४ मध्ये तीन बायका आणि एक सिझेरियन, म्हणजे ३३ टक्के, हा आकडा काहीच सांगत नाही. अशा ठिकाणी नोंद रोज करा, तक्ता सहा महिन्यांनी किंवा वर्षाने करा. मधल्या काळात फक्त दोन गोष्टींवर नजर ठेवा: २ब ची यादी, आणि सक्रिय टप्प्याआधी ‘प्रगती नाही’ म्हणून झालेली सिझेरियन. या दोन्हींना टक्केवारी लागत नाही, केस पेपर पुरतात. एका तिमाहीत एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.